चिनी बादशहाचं वर्ष कसं वाचायचं: कालनाम, साठ वर्षांचं चक्र आणि भांड्याच्या बुडावरची सहा अक्षरं

संग्रहालयातल्या निळ्या-पांढऱ्या सुरईखाली पाटी असते: ‘मिंग, श्वानद काळ’. पुस्तकात एखादी घटना ‘वानली 15’ मध्ये घडते. जुन्या नाण्यावर चार अक्षरं असतात आणि आकडा एकही नसतो. चिनी इतिहासाकडे नव्याने वळलेला माणूस इथेच अडतो. राजवंशांची यादी घोकून ही अडचण सुटत नाही. चिनी लोक वर्ष कसं मोजत होते, ते आधी कळावं लागतं.

मोडी कागद वाचणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. एका पत्रावर शालिवाहन शक, दुसऱ्यावर शुहूर सन, तिसऱ्यावर बादशहाचा जुलूस सन (तो गादीवर बसल्यापासून मोजलेलं वर्ष), आणि 1674 नंतर राज्याभिषेक शक. चीनमध्ये इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून 1912 पर्यंत मुख्य पद्धत जुलूस सनाच्या जवळची होती. फरक एवढाच की वर्ष बादशहाच्या नावाने न मोजता, त्याने निवडलेल्या, बहुधा दोन अक्षरी, शुभ नावाने मोजत. या नावाला चिनीत ‘न्यानहाव’ म्हणतात. इथे त्याला कालनाम म्हणू.

पायरी 1: उच्चार आणि जुनी स्पेलिंगं

या बाबतीत देवनागरी इंग्रजीपेक्षा बरी. चिनी भाषेत क–ख, त–थ, प–फ, च–छ हा भेद अर्थ बदलतो. आजची रोमन पद्धत, पिनयिन, तो भेद ‘जी–के’, ‘डी–टी’, ‘बी–पी’ अशा जोड्यांनी दाखवते, म्हणून इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण थांगचं टांग आणि खांगशीचं कांगशी करतो. पिनयिनमधला ‘क्यू’ हा छ, ‘एक्स’ हा श आणि ‘झेडएच’ हा साधारण झ-ज यांच्या जवळचा धरा. त्यामुळे शेवटचा राजवंश किंगही नाही आणि क्विंगही नाही, तो छिंग.

दुसरी अडचण जुन्या पुस्तकांची. विसाव्या शतकात बराच काळ इंग्रजी पुस्तकांत दुसरी रोमन पद्धत चालत होती आणि तिचीच स्पेलिंगं अनेक जुन्या पाट्यांवर राहिली आहेत. ‘चिएन-लुंग’ आणि ‘छियानलोंग’ हे एकच. ‘कांग-ह्सी’ म्हणजे खांगशी. जुन्या पद्धतीत महाप्राण दाखवायला वर स्वल्पविरामासारखी खूण असे. छापताना ती गळाली की छ आणि च एकसारखे दिसू लागतात. नाव जुळत नसेल तर आधी ही शंका घ्या.

पायरी 2: सांगाडा

सुरुवातीला एवढं पुरे:

छिन: इ. स. पूर्व 221 ते 206
हान: इ. स. पूर्व 202 ते इ. स. 220 (मध्ये 9 ते 23 गादी बळकावणाऱ्या वांग मांगचा खंड)
फाटाफुटीचा काळ: 220 ते 589
सुई: 581 ते 618
थांग: 618 ते 907
पाच राजवंश: 907 ते 960
सोंग: 960 ते 1279 (1127 पर्यंत उत्तर, पुढे दक्षिण)
युआन: 1271 ते 1368
मिंग: 1368 ते 1644
छिंग: 1644 ते 1912

या याद्या एकामागे एक ठेवलेल्या पाटांसारख्या दिसतात, प्रत्यक्षात त्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. युआन 1271 मध्ये जाहीर झाला, पण दक्षिण सोंग 1279 पर्यंत टिकला. सोंगच्या काळातच उत्तरेला खितानांचा ल्याव, नंतर जुर्चेनांचा जिन आणि पश्चिमेला तांगुतांचा शी-श्या ही स्वतंत्र बादशाही राज्यं होती आणि प्रत्येकाची कालनामं वेगळी होती. छिंगसाठी एका पुस्तकात 1636 आणि दुसऱ्यात 1644 दिसेल. मांचूंनी छिंग हे नाव 1636 मध्ये घेतलं, बीजिंग 1644 मध्ये घेतलं. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत.

नावंही पुन्हा पुन्हा येतात. जिन एक 266 ते 420 चा आणि दुसरा 1115 ते 1234 चा. अक्षर वेगळं, सूर वेगळा, पण रोमनमध्ये आणि देवनागरीतही तेच. म्हणून टिपणात राजवंश लिहिताना बाजूला शतक टाकायची सवय लावा.

पायरी 3: एका बादशहाची चार नावं

जन्मनाव, कालनाम, पूर्वजमंदिरातल्या पाटीवरचं नाव आणि मरणोत्तर गौरवनाम, अशी बहुतेकांची किमान चार. मिंगचा संस्थापक स्वतःच्या नावाने झू युआनझांग, पूर्वजमंदिरात थायझू, कालनामाने होंगवू. इतिहासकार त्याला कधी काय म्हणतील याचा एक ठरलेला रिवाज आहे आणि तो एकदा लक्षात आला की अर्धा गोंधळ संपतो:

हान आणि त्याच्या आसपासचे बादशहा मरणोत्तर नावाने ओळखतात: हान वूदी.
थांग आणि सोंग मंदिरनामाने: थांग थायझोंग, सोंग ह्वेईझोंग.
मिंग आणि छिंग कालनामाने: योंगल, खांगशी, छियानलोंग.

मंदिरनामाच्या शेवटी ‘झू’ किंवा ‘झोंग’ येतं. थायझोंग म्हणजे साधारणपणे दुसरा मोठा पूर्वज, त्यामुळे हे नाव जवळजवळ प्रत्येक घराण्यात आहे. थांगचा (626–649), सोंगचा (976–997), आणि छिंगचा होंग थाईजी हाही थायझोंगच. नुसतं ‘थायझोंगच्या काळात’ असं वाक्य दिसलं की लेखकाने अर्धवट माहिती दिली आहे असं समजा.

खांगशी हे माणसाचं नाव नव्हे. त्या माणसाचं नाव श्वानये. ‘खांगशी बादशहा’ म्हणजे ‘खांगशी नावाच्या काळाचा बादशहा’. तो जिवंत असताना त्याला कोणीही श्वानये म्हणत नसे. म्हणणं आणि लिहिणं दोन्ही गुन्हा होता. या बंदीचा उपयोग पुढे आहे.

पायरी 4: कालनामाचं इसवी सन करणं

सूत्र एका ओळीचं: कालनामाचं पहिलं वर्ष + दिलेला आकडा − 1.

वानली 15: 1573 + 15 − 1 = 1587.
छियानलोंग 58: 1736 + 57 = 1793, म्हणजे ब्रिटिश वकील मॅकार्टनी दरबारात आला ते वर्ष.
श्वानद 8: 1426 + 7 = 1433. मिंग नौसेनानी झेंग हच्या सात सागरी मोहिमांपैकी शेवटची याच वर्षी परतली.

एक वजा करायला विसरणं ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक. पहिल्या वर्षाला शून्य नसतं, तिथूनच एक मोजायला सुरुवात होते.

मिंग आणि छिंगसाठी खालची यादी कागदावर उतरवून ठेवा. बाजारात, संग्रहालयात, कागदपत्रांत जे काही समोर येतं त्यातलं बरंचसं हिच्यावर भागतं.

मिंग: होंगवू 1368–1398, ज्यानवन 1399–1402, योंगल 1403–1424, होंगशी 1425, श्वानद 1426–1435, झेंगथोंग 1436–1449, जिंगथाई 1450–1456, थ्यानशुन 1457–1464, छंगह्वा 1465–1487, होंगझ 1488–1505, झेंगद 1506–1521, ज्याजिंग 1522–1566, लोंगछिंग 1567–1572, वानली 1573–1620, थाईछांग 1620, थ्यानछी 1621–1627, छोंगझन 1628–1644.

छिंग: शुनझ 1644–1661, खांगशी 1662–1722, योंगझेंग 1723–1735, छियानलोंग 1736–1795, ज्याछिंग 1796–1820, दावग्वांग 1821–1850, श्यानफंग 1851–1861, थोंगझ 1862–1874, ग्वांगश्यू 1875–1908, श्वानथोंग 1909–1911.

हे आकडे राज्यारोहणाचे नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. नवा बादशहा गादीवर आला तरी सहसा चालू वर्ष जुन्याच कालनामाने पूर्ण होई. नवं नाव पुढच्या नववर्षाला लागे. खांगशी गादीवर आला फेब्रुवारी 1661 मध्ये, पण खांगशी 1 हे 1662. छियानलोंगचंही तसंच: गादी 1735, पहिलं वर्ष 1736. त्यामुळे ‘खांगशीने 61 वर्षं राज्य केलं की 62’ या वादात दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात.

पायरी 5: सूत्र कुठे घसरतं

मिंगच्या आधी एकेका बादशहाची अनेक कालनामं असत. शुभशकुन झाला, बंड मोडलं, धूमकेतू दिसला की नाव बदललं. ही पद्धत सुरू करणाऱ्या हान वूदीनेच अकरा वापरली. म्हणून थांग-सोंगसाठी वरच्यासारखी छोटी यादी बनत नाही, कोश उघडावा लागतो. नावं पुन्हाही वापरली गेली. सगळ्यात वाईट उदाहरण युआनचं: ‘झयुआन’ हे कुबलाईने 1264 ते 1294 वापरलं आणि त्याच घराण्यातल्या शेवटच्या बादशहाने 1335 ते 1340 पुन्हा वापरलं. झयुआन 3 असं दिसलं तर ते 1266 किंवा 1337, आणि यातलं कोणतं हे मजकुरातल्या माणसांवरूनच ठरतं.

मिंगमध्ये एकाची दोन कालनामं फक्त एकदा. झेंगथोंग बादशहा 1449 मध्ये थूमूच्या लढाईत मंगोलांच्या हाती लागला, धाकटा भाऊ जिंगथाई नावाने गादीवर बसला, आणि 1457 मध्ये थोरल्याने गादी परत मिळवून थ्यानशुन हे नवं नाव घेतलं.

राजकारणाने पुसलेली वर्षंही आहेत. योंगलने पुतण्याकडून गादी हिसकावल्यावर पुतण्याचं ज्यानवन हे कालनाम रद्द केलं आणि 1402 ला ‘होंगवू 35’ म्हणायला लावलं. होंगवू त्याआधी चार वर्षं वारला होता. सूत्राने 1368 + 34 = 1402 उत्तर बरोबर येतं, पण ‘मेलेल्या बादशहाचं वर्ष कसं?’ म्हणून कागद बनावट ठरवू नका.

1644 ला तर एका वर्षाची दोन नावं: छोंगझन 17 आणि शुनझ 1. कुठलं लिहायचं हे कोणाला बादशहा मानता यावर. तैवानवरच्या झेंग घराण्याने मिंगच्या शेवटच्या वारसाचं योंगली हे कालनाम 37 व्या वर्षापर्यंत, म्हणजे 1683 पर्यंत चालवलं, तो वारस मरून दोन दशकं झाली तरी. कोरियात कित्येक विद्वान मांचूंना मनातून न मानता खाजगी लिखाणात छोंगझनचीच वर्षं मोजत राहिले.

चीनच्या बाहेरच्या जगाशी असलेल्या नात्याची किल्ली इथे आहे. बादशहाचं पंचांग स्वीकारणं म्हणजे त्याचं वर्चस्व स्वीकारणं. दरबारात नजराणा घेऊन येणाऱ्या राज्याला परत जाताना रेशमाबरोबर पंचांगही मिळे. जपानच्या आशिकागा योशिमित्सूला मिंग वकिलांनी 1402 मध्ये असं पंचांग दिलं. परकीय पत्रावर कोणतं वर्ष घातलं आहे हे पाहिलं की त्या राज्याने स्वतःला काय समजायचं ठरवलं होतं ते मजकूर न वाचता कळतं.

पायरी 6: साठ वर्षांचं चक्र

आपल्या पंचांगात प्रभव, विभवपासून क्षयपर्यंत साठ संवत्सरं. चिनी चक्रही साठचं, पण साठ वेगळी नावं नाहीत. दहा ‘खोडं’ आणि बारा ‘फांद्या’ एकत्र फिरवल्या की साठ जोड्या होतात. चित्रांवर, ग्रंथांच्या प्रस्तावनांवर बऱ्याचदा कालनाम नसतं, नुसती जोडी असते.

खोड इसवी सनाच्या शेवटच्या अंकावरून:
4 ज्या, 5 यी, 6 बिंग, 7 दिंग, 8 वू, 9 जी, 0 गंग, 1 शिन, 2 रेन, 3 ग्वेई.

फांदी इसवी सनाला 12 ने भागून उरलेल्या बाकीवरून:
4 ज़ (उंदीर), 5 छौ (बैल), 6 यिन (वाघ), 7 माव (ससा), 8 छन (ड्रॅगन), 9 स (साप), 10 वू (घोडा), 11 वेई (मेंढी), 0 शन (माकड), 1 यौ (कोंबडा), 2 श्यू (कुत्रा), 3 हाय (डुक्कर).

1674 घ्या, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं वर्ष, आपल्याकडे शके 1596, आनंदनाम संवत्सर. शेवटचा अंक 4, म्हणजे ज्या. 1674 ला 12 ने भागून बाकी 6, म्हणजे यिन. वर्ष ज्या-यिन, वाघाचं. कालनामाने खांगशी 13. त्या वर्षी तिकडे दक्षिणेत वू सानग्वेईचं मोठं बंड पेटलेलं होतं.

उलट दिशेने जाताना, म्हणजे जोडीवरून सन काढताना, उत्तर एक येत नाही, साठ-साठ वर्षांच्या अंतराने अनेक येतात. शिन-हाय म्हणजे 1911, 1851, 1791... कालनाम सोबत असेल तर निवड होते. मिंग-छिंगमध्ये याला एकच अपवाद आहे: खांगशी काळ 61 वर्षांचा असल्याने रेन-यिन त्यात दोनदा येतं, 1662 आणि 1722. खांगशी गादीवर आला ते शिन-छौ वर्ष 1721 मध्ये पुन्हा उगवलं तेव्हा कुंभारांनी काही भांड्यांवर ‘पुन्हा शिन-छौ’ असं लिहून ठेवलं. अशी सरळ, निःसंदिग्ध तारीख क्वचितच मिळते.

वाचताना डोळा फसतो तो इथे: सहावं खोड ‘जी’ आणि सहावी फांदी ‘स’ ही अक्षरं फक्त एक रेघ कुठपर्यंत जाते एवढ्याने वेगळी आहेत. पाचवं खोड ‘वू’ आणि अकरावी फांदी ‘श्यू’ यांत एका आडव्या फटकाऱ्याचा फरक. जोडीत पहिलं अक्षर नेहमी खोड आणि दुसरं फांदी, एवढं धरून चाललं की यातून सुटका होते.

पायरी 7: जानेवारी-फेब्रुवारीचा घोळ

चिनी महिना चंद्राचा. आपल्या अमान्त महिन्यासारखाच अमावास्येपाशी बदलणारा, फक्त तिथे अमावास्येचाच दिवस पहिला. अधिक महिनाही आहे. नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान येतं. म्हणून वर्षाच्या शेवटच्या एक-दोन चिनी महिन्यांत घडलेली गोष्ट इसवी सनाने पुढच्या वर्षात जाऊ शकते. शेवटचा बादशहा फूयी याचं राजीनामापत्र श्वानथोंग 3, बारावा महिना, पंचविसावा दिवस या तारखेचं. सूत्राने 1911 येतं. खरी तारीख 12 फेब्रुवारी 1912. अकरावा-बारावा महिना दिसला की तयार कोष्टक पाहिल्याशिवाय सन लिहू नका.

जुन्या चिनी प्रवासवर्णनांच्या तारखाही याच पद्धतीने सोडवतात. श्वानझांग, आपल्याकडचा ह्युएन त्संग, परतला झेनग्वान 19 मध्ये. झेनग्वान 1 म्हणजे 627, त्यामुळे 645. दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात तो येऊन गेला तो त्याआधी चार-एक वर्षं.

पायरी 8: नाणं

चिनी पैसा ठोकलेला नसतो, ओतलेला असतो: गोल, मध्ये चौकोनी भोक, दोरीत ओवण्यासाठी. शिवराईसारखा ठशाचा उठाव त्यावर शोधू नका. पुढच्या बाजूला चार अक्षरं. मिंग-छिंगमध्ये आधी वरचं, मग खालचं: हे कालनाम. मग उजवं, मग डावं: ‘थोंग बाव’, म्हणजे चलनी नाणं. सोंग नाण्यांवर बऱ्याचदा घड्याळाच्या काट्यासारखं गोल वाचावं लागतं. मागच्या बाजूला छिंग नाण्यावर दोन मांचू शब्द: डावीकडे ‘बाव’, उजवीकडे टांकसाळीचं नाव.

चुका तीन ठिकाणी होतात. ‘खाईयुआन थोंगबाव’ हे नाणं 621 मध्ये निघालं. खाईयुआन हे कालनाम आलं 713 मध्ये. नाण्यावरचे शब्द कालनाम नव्हतेच, ‘नवा आरंभ’ अशा अर्थाचे होते, म्हणून हे नाणं आठव्या शतकातलं ठरवणं चूक. दुसरी, चार अक्षरं आणि चौकोनी भोक म्हणजे चीन असं नाही. जपानची कानएई नाणी, कोरियाची, व्हिएतनामची, सगळी याच घडणीची आहेत. तिसरी, वजन. छियानलोंगच्या नाण्याचं ठरलेलं वजन साधारण साडेचार ग्रॅम. प्रत्यक्षात घिसलेली, कमी धातूची, खाजगी साच्यातली नाणी दोन-तीन ग्रॅमचीही सापडतात. हलकं म्हणून नकली म्हणू नका. मात्र दहा नाण्यांवर तंतोतंत तोच ओतकामाचा दोष दिसला तर ती एकाच आधुनिक साच्यातून आली आहेत.

पायरी 9: भांड्याच्या बुडावरची सहा अक्षरं

आधी भांडं हातात कसं घ्यायचं ते. टेबलावर जाड टॉवेल, बोटांतल्या अंगठ्या काढलेल्या, एक हात बुडाखाली, दुसरा अंगाला. कान, तोटी, काठ यांना धरून उचलू नका, जुनी दुरुस्ती नेमकी तिथेच निखळते. उलटं ठेवण्याआधी झाकण वेगळं करा. बुडाचा फोटो तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या.

खूण दोन उभ्या ओळींत तीन-तीन, किंवा तीन ओळींत दोन-दोन. वरून खाली वाचा आणि उजवीकडची ओळ आधी. क्रम असा: ‘दा’ (महान), राजवंश, कालनामाची दोन अक्षरं, ‘न्यान’ (वर्ष), ‘ज्र’ (बनवलं). दा मिंग श्वानद न्यान ज्र: महान मिंगच्या श्वानद काळात बनवलं. यात वर्षाचा आकडा नसतो. चार अक्षरं असतील तर पहिली दोन गाळलेली असतात.

सगळी चिनी लिपी शिकायची गरज नाही. ‘दा’ म्हणजे हात पसरून उभा माणूस. ‘मिंग’मध्ये डावीकडे सूर्याची पेटी आणि उजवीकडे चंद्र. ‘छिंग’च्या डाव्या कडेला पाण्याचे तीन थेंब. राजवंश एवढ्यावर कळतो. राहिलेली दोन अक्षरं मोबाइलच्या चिनी हस्तलेखन कीबोर्डवर बोटाने गिरवा, पारंपरिक लिपी निवडून. छिंगमधल्या, विशेषतः योंगझेंगनंतरच्या अनेक खुणा शिक्क्याच्या कोनदार लिपीत असतात. तिथे मोबाइल हात टेकतो आणि छापील खुणांच्या तक्त्याशी ताडून पाहावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. खूण वाचली म्हणजे काळ कळला असं नाही. चिनी कुंभार जुन्या बादशहाची खूण बिनदिक्कत लिहीत, कधी आदराने, कधी ग्राहकाला आवडते म्हणून, आणि फसवायलाही. श्वानद आणि छंगह्वा यांच्या खुणा पुढच्या पाचशे वर्षांत सर्वांत जास्त लिहिल्या गेल्या. शिवाय 1677 मध्ये शाही भट्टीच्या जिंगदेझेन गावच्या अधिकाऱ्याने भांड्यावर चालू कालनाम लिहायला बंदी केली. भांडं फुटून उकिरड्यावर गेलं तर बादशहाचं नाव पायदळी येईल, हे कारण. म्हणून खांगशी काळातल्या कितीतरी भांड्यांवर नुसतं रिकामं दुहेरी वर्तुळ, एखादं पान, किंवा चक्क मिंगची खूण सापडते.

तेव्हा खुणेला भांड्याच्या अंगाशी ताडा.

गुलाबी रंग पाहा. सोन्यापासून केलेला अपारदर्शक गुलाबी मुलामा चीनमध्ये 1720 च्या सुमारास आला, युरोपीय रंगतंत्राशी संपर्क आल्यावर. असा गुलाबी असलेल्या भांड्यावर छंगह्वाची खूण असेल तर खूण उसनी आहे, वाद संपला.

निळा पाहा. श्वानद काळात पश्चिम आशियातून आलेला, लोह जास्त असलेला कोबाल्ट वापरत. त्यामुळे रेघेत काळसर, किंचित खोलगट ठिपके उमटत. पुढच्यांनी ते ठिपके ब्रशने टिपके देऊन नकलले, पण ते चकाकीच्या (वरच्या काचेसारख्या थराच्या) वर-वर आणि सारख्या अंतरावर दिसतात.

अक्षर पाहा. शाही भट्टीत खूण लिहिणारा माणूस वेगळा असे, त्याच्या हातात सफाई होती. श्वानद खुणेतल्या ‘द’ अक्षरात खालच्या हृदयाच्या चिन्हावरची आडवी रेघ बहुधा नसते. ती ठसठशीत असेल तर सावध व्हा. झेंगथोंग ते थ्यानशुन, 1436 ते 1464 या काळाच्या शाही खुणा जवळजवळ मिळतच नाहीत, म्हणून अशी खूण समोर आली तर आनंदाआधी संशय.

बूड पाहा. बुडाची उघडी कड, तिथे चकाकी कुठे संपते, चिकटलेली वाळू, झिजेच्या रेघा. खरी झीज वेगवेगळ्या दिशांनी ओरखडलेली असते, सँडपेपरची एकाच दिशेने.

आणि रोमन अक्षरांत ‘चायना’ असा शब्द असेल तर भांडं बहुधा 1891 नंतरचं. त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालणं कायद्याने सक्तीचं झालं. ‘होंगश्यान’ ही खूण दिसली तर ती प्रजासत्ताकाचा अध्यक्ष असताना बादशहा बनलेल्या युआन शकायची. त्याची बादशाही 1916 मध्ये 83 दिवसांत आटोपली आणि या नावाची भांडी त्या मानाने फारच जास्त आहेत.

बिनखुणेचं भांडं मात्र कमअस्सल समजू नका. निर्यातीच्या मालावर शाही खूण घालायचं कारणच नव्हतं. पोर्तुगीज मकाव-मलाक्का-गोवा या मार्गाने जो माल नेत त्यातला बराचसा असाच. 1603 मध्ये डचांनी सांता कातारिना हे पोर्तुगीज जहाज पकडलं त्यावर सुमारे एक लाख नग होते. चौल आणि जुने गोवे इथे सापडणाऱ्या निळ्या-पांढऱ्या खापऱ्या याच व्यापाराच्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी कँटनहून जे आणत त्याचंही तेच. जमशेटजी जीजीभाईंनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या. असा माल आकार, नक्षी आणि रंगावरून ओळखायचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत. बूड दिसत नाही, पण खांदा, मान आणि निळ्याच्या छटा डोळ्यांत बसवायला ती जागा उत्तम. (आपली लोणच्याची ‘चिनीमातीची’ बरणी या हिशेबात धरू नका. ती दगडी भाजणीची, पोर्सेलीन नव्हे. खऱ्या पोर्सेलीनमध्ये जिंगदेझेनजवळच्या गावलिंग टेकडीची पांढरी माती आणि कुटलेला पांढरा दगड असतो, भाजणी सुमारे 1300 अंशांची, आणि पातळ काठातून उजेड दिसतो.)

पायरी 10: टाळलेलं अक्षर

छापील पुस्तक असेल तर बादशहाचं जन्मनाव शोधा. ते लिहायला बंदी असल्याने अक्षराची शेवटची रेघ गाळत किंवा दुसरं अक्षर घालत. खांगशीच्या नावातलं ‘श्वान’ टाळण्यासाठी बीजिंगच्या राजवाड्याच्या उत्तर दरवाजाचं श्वानवूमन हे नाव बदलून शेनवूमन झालं. पुस्तकात श्वानची रेघ गाळलेली, पण छियानलोंगच्या नावातलं ‘होंग’ पूर्ण असेल, तर छपाई बहुधा 1662 ते 1735 मधली. नंतरच्या छापखान्यांनी जुने ठोकळे तसेच वापरले असतील तर हा अंदाज फसतो, म्हणून कागद आणि प्रस्तावनेतली तारीख सोबत पाहा.

सरावाला तीन

एक: तहाच्या कागदावर दावग्वांग 22, सातवा महिना. दोन: पत्रावर ग्वांगश्यू, गंग-ज़ वर्ष. तीन: फुलदाणीच्या बुडावर दा मिंग छंगह्वा न्यान ज्र, अंगावर गुलाबी शेवंती, खुणेखाली लाल शाईत रोमन ‘चायना’.

पहिलं 1821 + 21 = 1842, नानकिंगचा तह. सातवा महिना असल्याने पुढच्या वर्षात सरकत नाही. दुसऱ्यात शेवटचा अंक 0 आणि बारा भागून बाकी 4. 1875 ते 1908 मध्ये हे फक्त 1900 ला जुळतं: ग्वांगश्यू 26, बॉक्सर बंडाचं वर्ष. तिसरी फुलदाणी 1891 नंतरची. तिची किंमत छंगह्वाच्या हिशेबाने कोणी सांगत असेल तर टॉवेलवरून उचलून सावकाश परत द्या.